आईला फोन येतात, पण ती स्वतः कुणाला लावते का?

आपण आईबाबांना स्मार्टफोन घेऊन देतो, एका दुपारी युट्यूब, पेमेंट, फेसबुक सगळं भराभर शिकवतो आणि आपल्या गावाला परत. मीही तेच केलं. कराडला आई एकटी, वर्षभर फक्त आलेला फोन उचलायची, स्वतःहून एकही नाही, विचारलं तर "कशाला उगाच कोणाला त्रास". दिवाळीत शेजारी बसून बघितलं तेव्हा कळलं की बोटं कोरडी, टच लागत नाही, म्हणून ती जोरात दाबून धरायची आणि मग आयकॉन भलतीकडेच सरकायचे, एकदा तर व्हॉट्सॲपच होम स्क्रीनवरून गायब. तिला वाटायचं फोन आपणच बिघडवला.

त्यामुळे सुरुवात इथून करा. अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जच्या सर्चमध्ये 'टच अँड होल्ड' टाका (प्रत्येक कंपनीच्या फोनमध्ये जागा वेगळी असते), डिले (किती वेळ दाबलं की 'धरलं' मानायचं तो) 'लाँग' करा. होम स्क्रीनचा लेआउट लॉक करायची सोय असेल तर तीही. अक्षर मोठं करा पण अगदी शेवटच्या टोकापर्यंत नको, बटणं स्क्रीनबाहेर जातात.

मग चेहरे. होम स्क्रीनवर मोकळ्या जागी दाबून धरा, विजेट्स, त्यात कॉन्टॅक्ट्स, त्यात डायरेक्ट डायल. आधी कॉन्टॅक्टला फोटो लावा म्हणजे फोटोवर बोट ठेवलं की थेट फोन. व्हॉट्सॲपचं चॅट उघडून तीन ठिपके, मोअर, ॲड शॉर्टकट केलं की तेही समोर येतं. आणि फक्त मुलांचे फोटो नकोत हो! मावशी, भिशीतल्या मैत्रिणी, खालच्या मजल्यावरच्या काकू, ज्यांच्याशी ती खरंच गप्पा मारते ते पाहिजेत. चाळीस जणांच्या ग्रुपवर रोज गुड मॉर्निंगची फुलं येतात त्याला मी बोलणं म्हणत नाही.

सराव मात्र करून घ्या. तुम्ही आतल्या खोलीत जा, तिला पाच वेळा फोन लावू दे, चुकली तर चुकू दे, हातातून फोन काढून घ्यायचा नाही (हे मलाच सगळ्यात जड गेलं). टायपिंग शिकवत बसू नका, माइकचं बटण धरून बोल एवढं पुरे. मावशीला कमी ऐकू येतं, तिला व्हॉइस मेसेज बरा पडतो, दोनदा-तीनदा ऐकता येतो.

भीती असतेच. व्हॉट्सॲपमध्ये प्रायव्हसी, कॉल्स, तिथं 'सायलेन्स अननोन कॉलर्स' चालू करा. व्हिडिओ कॉलवर पोलीस कुणाला अटक करत नाहीत हे दहादा सांगा, पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. आणि ज्येष्ठांसाठी सरकारी एल्डरलाइन आहे, १४५६७, सकाळी ८ ते रात्री ८, फुकट, नुसतं बोलायचं असलं तरी चालतं.

शेवटचं म्हणजे वार आणि वेळ ठरवा, नाहीतर "करू कधीतरी" होतं. व्हॉट्सॲपवर ३२ जणांचा व्हिडिओ कॉल होतो, पण चार-पाच जणी पुरे. आईच्या बुधवारी सहाला असतात. मावशी अजून व्हिडिओ कॉललाही फोन कानालाच लावते, त्यामुळे बाकीच्यांना दहा मिनिटं नुसती तिच्या कानातली कुडी दिसते. आता आईनं तिला सांगितलंय, फोन पोह्याच्या डब्याला टेकवून ठेव आणि समोर बस.