जुना हॉर्स ट्रेलर विकायला काढताय? या चुका टाळा

हॉर्स ट्रेलर, म्हणजे घोडे नेण्यासाठी गाडीमागे जोडायचा डबा, बघायला आलेला जाणता माणूस रंगाकडे फारसं बघत नाही. तो थेट आत शिरतो, कोपऱ्यातली रबरी मॅट उचलतो आणि खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढून खालची फळी टोचून पाहतो. सौदा होणार की मोडणार, हे बहुतेक वेळा तिथेच ठरतं. त्या फळीवर साडेचारशे-पाचशे किलोचा जिवंत प्राणी उभा राहणार आहे, तोही चालत्या ट्रेलरमध्ये, आणि फळी मोडली तर त्याचे पाय रस्त्यावर घासत जाणार आहेत, हे त्याला ठाऊक असतं. विकणारी मंडळी मात्र बाहेरून पॉलिश मारण्यात दिवस घालवतात आणि मॅटखाली काय आहे हे गिऱ्हाईकाच्याच सोबत पहिल्यांदा बघतात. बाकीच्या बहुतेक चुका याच एका चुकीतून निघतात.

मॅट न उचलताच जाहिरात टाकणं

घोड्याची लघवी मॅटच्या कडेने खाली झिरपते आणि तिथेच साचून राहते. वरून मॅट कोरडी असली तरी खाली ओल टिकते. लाकूड आधी टोकांना आणि भिंतीलगत कुजतं, कारण तिथे हवा खेळत नाही. म्हणून फक्त मधली फळी ठोकून ‘फ्लोअर ठणठणीत आहे’ असं म्हणू नका. सगळ्या मॅट बाहेर काढा, फ्लोअर धुवा, दोन-तीन दिवस नीट वाळू द्या आणि मग प्रत्येक फळी दोन्ही टोकांना टोचून पाहा. टोक सहज आत रुतलं, किंवा लाकूड भुसभुशीत लागलं, तर ती फळी गेली असं समजा.

त्यानंतर ट्रेलरखाली शिरून वर बघा. फळ्यांना आधार देणारे आडवे बीम हे खरं हाड आहे. फळ्या बदलणं तुलनेने सोपं, बीम खाल्लेला असेल तर वेल्डिंगचं काम निघतं. खाली जायचं तर ट्रेलर भक्कम स्टँडवर टेकवलेला हवा, नुसत्या जॅकवर कधीच नाही.

अ‍ॅल्युमिनियमचा फ्लोअर गंजत नाही, हा समज अर्धाच खरा आहे. तांबूस गंज चढत नाही, पण लघवीने अ‍ॅल्युमिनियमही खाल्लं जातं. करडी-पांढरी भुकटी, बारीक खळगे आणि पुढे आरपार भोकं, असा तो प्रवास असतो. रात्री आत टॉर्च लावून खालून पाहिलं तर टाचणीएवढी भोकंही दिसतात. फळ्या बदलताना आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा: वाळवी लागू नये म्हणून तांब्याची रसायनं मुरवलेलं लाकूड थेट अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीवर ठेवलं, तर ते त्या धातूला खातं. मध्ये योग्य आवरण टाका किंवा वेगळं लाकूड घ्या. आणि कुजलेल्या फळीवर प्लायवूड ठोकून वर नवी मॅट पसरणं हा तर थेट घोड्याच्या जिवाशी खेळ आहे.

दुरुस्ती करायची नसेल तर तेही चालतं. मग जाहिरातीत स्पष्ट लिहा की फ्लोअर बदलावा लागेल, त्याआधी यात घोडा चढवू नये. किंमत खाली येईल, पण दुरुस्ती करून घेणारा माणूस नक्की भेटतो.

गंजावर ताजा रंग फासणं

दाराच्या कडेला किंवा चाकावरच्या कमानीला वरवरचा गंज असला तर कुणी बिचकत नाही, जुन्या ट्रेलरला तो असतोच. पण नुकताच काळा रंग मारलेली खालची चौकट दिसली की अनुभवी गिऱ्हाईक सावध होतं: काय झाकलंय? विकण्याच्या तोंडावर खालून रंग मारूच नका. आधी मारलेला असेल तर मारण्यापूर्वीचे फोटो दाखवा. पोपडे सुटलेल्या जागी हातोडीने हलकेच ठोका. खणखणीत आवाज आला तर गंज वरवरचा आहे, बद्द आवाज आला किंवा पत्र्याचे पापुद्रे गळाले तर तो आत शिरला आहे.

टायरची नक्षी बघून समाधान मानणं

हॉर्स ट्रेलर वर्षातले बरेच दिवस उभा असतो. त्यामुळे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. नक्षी कोरी करकरीत, पण बाजूच्या भिंतीवर उन्हाने बारीक चिरा, हे दृश्य नेहमीचं. टायरच्या भिंतीवर बनवल्याच्या तारखेचे चार आकडे असतात. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. ट्रेलरचे टायर साधारण पाच-सहा वर्षांनी बदलावेत, असं बहुतेक जाणकार सांगतात. तुमचे त्याहून जुने असतील तर एक तर बदला, नाहीतर त्यांचं वय जाहिरातीत टाका. स्टेपनीही बघा. ती बऱ्याचदा ट्रेलरएवढीच जुनी असते आणि तिच्यात हवा किती आहे, हे कुणी वर्षानुवर्षं पाहिलेलं नसतं.

ब्रेक, दिवे आणि बेअरिंग ऐनवेळी तपासणं

गिऱ्हाईक दारात उभं असताना इंडिकेटर लागत नाही, हा अनुभव फार जणांना येतो. दोष बहुधा बल्बमध्ये नसून अर्थिंगमध्ये असतो. ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मंद होतो, किंवा एक दिवा लावला की दुसराही मिणमिणतो, ही त्याची खूण. अर्थिंगची तार चौकटीला जिथे बोल्टने जोडली आहे ती जागा घासून चकचकीत करा, बोल्ट घट्ट करा, प्लगच्या पिना साफ करा. बऱ्याच तक्रारी एवढ्यानेच मिटतात. एवढं करूनही भागलं नाही तर उंदरांनी कुरतडलेली वायर शोधा, विशेषतः सामानाच्या खोलीत.

ट्रेलर हलवताना एक चाक फिरायला तयार नसेल, तर लांब मुक्कामात ब्रेकचे शू ड्रमला चिकटले असण्याची शक्यता जास्त. हँडब्रेक ओढून ओल्या जागी महिनोन्‌महिने उभ्या केलेल्या ट्रेलरचं असंच होतं. गाडीने ओढून जबरदस्तीने सोडवायला जाऊ नका, ड्रम उघडून साफ करून घ्या.

इलेक्ट्रिक ब्रेकच्या ट्रेलरला सुटका झाल्यावर आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा असते: एक पिन, एक छोटी दोरी आणि बारा व्होल्टची बॅटरी. ट्रेलर गाडीपासून सुटला की पिन ओढली जाते आणि बॅटरीवर ब्रेक लागतात. ही बॅटरी मेलेली असणं हा सगळ्यांत जास्त दुर्लक्षित दोष आहे. ट्रेलर गाडीला जोडलेलाच ठेवून विजेचा प्लग काढा, पिन ओढा आणि गाडी अगदी हळू पुढे घ्या. चाकं अडली पाहिजेत. नाही अडली तर आधी बॅटरी चार्ज करून पाहा, मग वायर, मग मॅग्नेट (चाकातले ब्रेक लावणारे विजेचे चुंबक). तपासणी झाली की पिन लगेच जागेवर घाला, नाहीतर बॅटरी उतरते आणि मॅग्नेट तापतात.

बेअरिंगचं ग्रीसिंग साधारण वर्षातून एकदा, किंवा वीसेक हजार किलोमीटरच्या आत व्हायला हवं. शेवटचं कधी केलं ते आठवत नसेल तर विकण्याआधी करून घ्या आणि पावती जपून ठेवा. पंधरा-वीस मिनिटं ट्रेलर ओढून आणल्यावर प्रत्येक हबजवळ, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाजवळ, हात न्या, चिकटवू नका. तीन हब कोमट आणि एक रसरशीत असेल, तर तिथे ब्रेक घासतोय किंवा बेअरिंग जातंय.

माझ्या मते दुरुस्तीवर थोडेच पैसे घालायचे असतील तर ते इथे घाला. नव्या स्टिकरने किंमत वाढत नाही. मेकॅनिकच्या ताज्या पावतीने वाढते, कारण ती विकत घेणाऱ्याची एक भीती कमी करते.

‘कुठलीही गाडी ओढेल’ असं सांगणं

हे वाक्य धोकादायक आहे. ट्रेलरच्या पाटीवर एकूण मंजूर वजन लिहिलेलं असतं. त्यातून रिकाम्या ट्रेलरचं वजन वजा केलं की घोडे, खोगीर, चारा, पाणी या सगळ्यांसाठी उरलेली मर्यादा मिळते. समजा मंजूर वजन २००० किलो आणि रिकामा ट्रेलर ९०० किलो, तर उरले ११००. साडेपाचशे किलोचे दोन घोडे चढवले की मर्यादा तिथेच संपली, पाण्याच्या कॅनलाही जागा नाही. हे दोन्ही आकडे जाहिरातीत द्या. समोरच्याची गाडी तेवढं ओढू शकते का, हे त्याला त्याच्या गाडीच्या पुस्तिकेत बघू द्या.

बॉलचं, म्हणजे गाडीमागच्या ज्या गोळ्यावर ट्रेलर अडकतो त्याचं, मापही लिहा. युरोपात ५० मिलिमीटरचा बॉल सर्रास असतो, अमेरिकी ट्रेलरना २ इंची किंवा २ ५/१६ इंची. मोठ्या मापाचा कपलर (ट्रेलरचा बॉलवर बसणारा भाग) लहान बॉलवर बसल्यासारखा वाटतो, कडीही लागते, आणि पहिल्या मोठ्या खड्ड्यात तो उसळून सुटतो. गिऱ्हाईक चुकीचा बॉल घेऊन आलं असेल तर त्या दिवशी ट्रेलर हलवू नका, मग ते कितीही लांबून आलेलं असो.

आतली उंची आणि एका घोड्याच्या जागेची लांबी-रुंदी टेपने मोजून लिहा. उंच्यापुऱ्या घोड्याच्या मालकाला सात फूट आणि साडेसात फूट यांतला फरक माहीत असतो आणि अंदाजे सांगितलेल्या उंचीवर तो विश्वास ठेवत नाही.

जाहिरात चालत नाही, पण दोष कुठे ते बघायचं नाही

फोनच येत नसतील तर बहुधा किंमत किंवा फोटो चुकले आहेत. किंमत ठरवताना लोक इतरांच्या जाहिराती बघतात, पण ती मागितलेली किंमत असते, मिळालेली नव्हे. महिनोन्‌महिने तशीच लटकलेली जाहिरात तर एवढंच सांगते की या भावाला ट्रेलर जात नाही. लवकर उतरणाऱ्या जाहिराती जास्त बोलक्या असतात. आणि तुम्ही त्या ट्रेलरवर किती खर्च केलात, याच्याशी घेणाऱ्याचा संबंध नसतो.

फोन येतात पण कुणी येत नाही, असं असेल तर माहिती अर्धवट आहे. मॅट उचललेला फ्लोअर, खालची चौकट, कपलर, टायरवरची तारीख, रॅम्पच्या बिजागऱ्या आणि स्प्रिंग, छातीपुढचा व मागचा दांडा, छताचे सांधे, इतके फोटो हवेतच. चेसी नंबरची पाटी मात्र जाहीरपणे पूर्ण दाखवू नका. खात्रीच्या गिऱ्हाईकाला द्या.

लोक येतात, बघतात आणि गप्प निघून जातात? मग दार उघडल्याबरोबर त्यांना काहीतरी खटकतंय. बहुधा अमोनियाचा उग्र वास, छतावर ओलीचे डाग, किंवा लागायला नको म्हणणारी कडी. ट्रेलर धुताना आधी शेण-चारा पूर्ण काढा, साबणाने धुवा आणि मगच जंतुनाशक वापरा, कारण घाणीवर टाकलेलं जंतुनाशक निकामी होतं. हा केवळ टापटिपीचा मुद्दा नाही. स्ट्रँगल्ससारखा (घोड्याच्या घशाच्या गाठी सुजवणारा) संसर्ग आजारी घोड्याच्या नाकातल्या स्रावाने माखलेल्या गव्हाणीतून आणि ट्रेलरमधूनही पसरतो. प्रेशर वॉशरचा झोत हबवर आणि वायरिंगवर मारू नका, पाणी आत शिरतं.

घोडा चढवून बघू देणं

‘माझा घोडा आत शिरतो का ते बघतो’ ही मागणी वाजवी वाटते, पण नाही म्हणा. अनोळखी ट्रेलरमध्ये बुजलेला घोडा स्वतःला, माणसाला आणि ट्रेलरला इजा करू शकतो, आणि मग जबाबदारी कुणाची यावर वाद होतो. टेप द्या, मोजू द्या, पार्टिशन हलवून बघू द्या. रिकामा ट्रेलर ओढून दाखवायचा तर शक्यतो तुमच्या गाडीने, तुम्ही चालवत, आणि विमा चालू असताना. ओढताना ट्रेलर मागे शेपटासारखा हलू लागला तर टायरची हवा आणि ट्रेलर सपाट उभा आहे का ते बघा. नाक वर उचललेलं असेल तर पुढचा भार कमी पडतो आणि ट्रेलर झुलतो.

पैसे हातात येण्याआधी किल्ली देणं

न बघताच पूर्ण किंमत मान्य करणारा, ‘माझा वाहतूकदार येऊन घेऊन जाईल’ म्हणणारा आणि ठरल्यापेक्षा जास्त रकमेचा चेक पाठवून वरचे पैसे परत मागणारा, हे एकाच फसवणुकीचे टप्पे आहेत. चेक खात्यात दिसला म्हणजे वटला असं नाही. तो काही दिवसांनीही परत जाऊ शकतो आणि तुम्ही परत पाठवलेले पैसे बुडतात. रक्कम खरोखर जमा झाल्याची खात्री स्वतःच्या बँकेकडून करा, समोरच्याने पाठवलेल्या स्क्रीनशॉटवरून नाही.

ट्रेलरवर कर्ज असेल तर ते फिटल्याचं पत्र जाहिरातीआधी हातात हवं. विक्रीच्या कागदावर चेसी नंबर, किंमत, तारीख, हस्तांतराची वेळ आणि दोघांच्या सह्या घ्या. ‘आहे त्या स्थितीत’ हे शब्द जरूर घाला, पण त्याखाली माहीत असलेले दोष एकेक करून लिहा. नंबरप्लेट काढायची की ट्रेलरसोबत द्यायची, याचा तुमच्या भागातला नियम आधीच विचारून ठेवा. नोंदणी कार्यालयाला विक्री कळवा, पोच घ्या आणि ती हातात आल्यावरच विमा बंद करा, कारण तोवर कागदोपत्री मालक तुम्हीच असता.