पीसी तापून बंद पडतोय? आधी टेंपरेचर बघा, मग स्क्रू ड्रायव्हर उचला

उन्हाळा लागला की घरोघरचे डेस्कटॉप फटकन बंद पडायला लागतात, फॅन घोंघावतो आणि मग कोणीतरी सांगतं की प्रोसेसर गेला, नवीन घ्या. प्रोसेसर सहसा गेलेला नसतो, तो तापल्यावर स्वतःला वाचवायला आधी स्पीड कमी करतो आणि तरी नाही भागलं तर मशीन बंद करतो. पण लगेच थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि कूलरच्या मधली, उष्णता कूलरकडे नेणारी पेस्ट) बदलत बसू नका, आधी मोजा.

प्रोसेसरचं टेंपरेचर दाखवणारी सॉफ्टवेअर म्हणजे एचडब्ल्यूमॉनिटर किंवा कोअर टेंप, दोन्ही फुकट आहेत, एक टाका. पीसी चालू करून दहा मिनिटं काहीच न करता आकडा बघा. 35 ते 50 डिग्री असेल तर ठीक, आणि आपल्याकडे नागपूर-अकोल्याला मे महिन्यात खोलीच 38-40 ची असते तेव्हा 55 दिसला तरी घाबरू नका, कारण प्रोसेसरवरचा कूलर (धातूच्या पट्ट्यांचा हीटसिंक आणि त्यावरचा फॅन) काही खोलीपेक्षा गार करू शकत नाही. काहीच चालू नसताना जास्त दिसतंय तर टास्क मॅनेजर उघडा, अपडेट नाहीतर अँटीव्हायरस प्रोसेसर खात बसलेला असतो बऱ्याचदा.

आता लोड द्या, म्हणजे प्रोसेसरला पूर्ण कामाला लावा. सीपीयू-झेड नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये बेंच टॅबवर स्ट्रेस सीपीयू बटण आहे ते दाबा आणि आकडा *कसा* चढतो ते बघा, सगळी गोम इथेच आहे. काही सेकंदातच 50 वरून 95 ला उडी मारली तर कूलर प्रोसेसरला नीट टेकलेला नाही किंवा पेस्ट सुकलीय. पंधरा-वीस मिनिटांत हळूहळू चढत गेला तर धूळ किंवा हवा कोंडतेय. आणि 60-65 लाच मशीन बंद पडलं तर प्रोसेसरला सोडा, एसएमपीएसवर (पीसीला वीज देणारा पॉवर सप्लायचा डबा) संशय घ्या. एक अपवाद, रायझन 7600एक्स, 7950एक्स असले प्रोसेसर फुल लोडला 95 पर्यंत जाणारच, एएमडीने ते तसेच बनवलेत. इंटेलच्या बऱ्याच प्रोसेसरची कमाल मर्यादा 100 असते, पण मी तरी रोजच्या वापरात 85 च्या वर राहू देत नाही.

हळू चढणारा असेल तर कॅबिनेटचं साइड पॅनल काढून तीच टेस्ट परत करा. आकडा आठ-दहा डिग्रीने खाली आला म्हणजे हवेचाच प्रश्न. कॉम्प्युटर टेबलच्या त्या बंद कप्प्यातून कॅबिनेट बाहेर काढा (तो कप्पा कोणी डिझाइन केला देव जाणे), मागे वीतभर जागा सोडा, पुढचा फॅन हवा आत घेतो आणि मागचा बाहेर टाकतो ना ते हाताने तपासा.

धूळ काढायची तर आधी प्लग काढा, मग पॉवर बटण पाच-दहा सेकंद दाबून धरा, कॅबिनेट गॅलरीत न्या. ब्लोअर मारताना फॅनची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो भन्नाट फिरतो आणि बेअरिंग खराब होतं. वरून स्वच्छ दिसतं म्हणून फसू नका, फॅनच्या खाली हीटसिंकच्या पट्ट्यांवर गोधडीसारखा थर बसलेला असतो, टॉर्च मारून बघा आणि गरज पडली तर फॅन सोडवून पेंटिंगच्या ब्रशने काढा. फॅनची वायर मदरबोर्डवर सीपीयू फॅन छापलंय तिथेच लावलीय ना तेही बघून घ्या.

उडी मारणारा असेल तर कूलर हलवून बघा. इंटेलच्या बॉक्समधल्या जुन्या कूलरला चार प्लास्टिकच्या पिना असतात आणि त्यातली एक सुटणं हा इतका कॉमन प्रॉब्लेम आहे की मी आधी तिथेच हात घालतो. सुटलेली पिन टक् आवाज येईपर्यंत दाबा, सगळ्या बसवायच्या असतील तर समोरासमोरच्या कोपऱ्यांची जोडी आधी.

एवढं करून नाही भागलं तरच पेस्ट. कूलर काढताना, खास करून एएम4 सॉकेटच्या रायझनला, आधी पीसी थोडा वेळ चालवून गरम करा, मग बंद करून प्लग काढा आणि कूलर हळूहळू डावी-उजवीकडे फिरवत उचला, सरळ ओढलात तर सॉकेटमधून प्रोसेसरच उपटून येतो आणि पिना वाकतात. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापडाने पुसा, मधोमध वाटाण्याएवढी नवीन लावा आणि कूलर दाबून बसवा, बोटाने पसरवू नका. कूलर नवा असेल तर खालचं प्लास्टिक काढलं ना?

परत तीच स्ट्रेस टेस्ट. तरी उडी मारतच असेल तर बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) कोणी ओव्हरक्लॉक केलंय का, म्हणजे प्रोसेसरचा स्पीड ठरल्यापेक्षा वाढवलाय का बघा, डिफॉल्ट लोड करा. तोवर काम अडलं असेल तर विंडोजच्या ॲडव्हान्स्ड पॉवर ऑप्शन्समध्ये मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट 100 वरून 99 करा, टर्बो (प्रोसेसरने गरजेला आपोआप वाढवलेला स्पीड) बंद होतो आणि बऱ्याच मशीनवर टेंपरेचर चांगलंच उतरतं, स्पीड थोडा कमी पडेल पण एक्सेल आणि झूमला काही फरक जाणवत नाही.