गाडीच्या बॅटरीतून वीज उलटी द्यायचीय? या चुका टाळा

पुण्यात ईव्ही घेतली की महिन्या-दोन महिन्यांत प्रश्न येतोच: "गाडीत एवढी युनिटं पडून असतात, महावितरणला विकता येतील का?" आज गाड्यांत मिळालंच तर बहुतेक वेळा मिळतं ते व्ही-टू-एल, म्हणजे गाडीतून थेट उपकरणं चालवायची सोय. अॅडॉप्टर लावा, पंखा-मिक्सर-लॅपटॉप चालवा, एवढंच. ग्रिडला वीज द्यायला दोन्ही दिशांनी चालणारा चार्जर हवा, त्याला साथ देणारी गाडी हवी, ग्रिड गेला की आपोआप थांबणारा इन्व्हर्टर हवा, आणि वर परवानगी. सीसीएस या फास्ट-चार्जिंग प्लगसाठी अशा दुतर्फा देवाणघेवाणीचं मानक, आयएसओ 15118-20, आलंच मुळी 2022 मध्ये. तुमच्या गाडीत ते आहे का, हे शोरूममध्ये नाही, मॅन्युअलमध्ये शोधा.

माझं डोकं फिरतं ते दोन्ही टोकांना प्लग असलेल्या वायरीवरून. एक टोक गाडीच्या अॅडॉप्टरमध्ये, दुसरं घरातल्या सॉकेटमध्ये, की झालं म्हणे घर चालू! सिंहगड रोडच्या एका सोसायटीत गुरुवारी वीज गेली आणि एकाने हेच केलं. मेन पाडला होता त्याने, पण सासऱ्यांना वाटलं, मेन पडलाय म्हणूनच अंधार आहे. त्यांनी तो उचलून ठेवला. खाली पिलरपाशी, म्हणजे वीज वाटून देणाऱ्या पेटीपाशी, वायरमन फ्यूज काढून काम करत होता. अख्खी गल्ली गाडीवर आली असती तर ओव्हरलोडने अॅडॉप्टर लगेच बंद पडला असता; पण फ्यूज निघालेला, त्यामुळे वायरमनच्या हाताशी असलेल्या केबलमध्ये 230 व्होल्ट, आणि त्याला पत्ता नाही. त्याने टेस्टर लावून बघितलं म्हणून वाचला. पुढे फ्यूज बसला, लाइन आली, वरून एक आणि गाडीतून एक असे दोन पुरवठे भिडले, आणि अॅडॉप्टर काळा पडला. जावई मला विचारतो, "काका, वॉरंटीत बसेल ना?"

मेन पाडणं म्हणजे सुरक्षा नाही, कारण तो कोणीही उचलू शकतो. चेंजओव्हर स्विच बसवा, एका वेळी एकच बाजू जोडणारा, न्यूट्रलसकट तोडणारा. मी काम करताना त्याला कुलूप लावतो आणि किल्ली खिशात ठेवतो. घरचे वैतागतात, वैतागू देत.

दुसरी जमात भंगारातल्या ईव्ही पॅकमधून घरची साठवण बांधणाऱ्यांची. "व्होल्टेज सारखं होतं म्हणून जोडले." अहो, एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेल 30 टक्के भरलेला असो की 70, मीटर 3.3 व्होल्टच्या आसपासच दाखवतो! मी प्रत्येक सेल 3.65 पर्यंत भरतो, ठरलेल्या लोडवर उतरवतो आणि निघालेले अँपिअर-तास मार्करने त्याच्यावरच लिहितो. मग सारख्यातले सारखे निवडायचे. याला आठवडे जातात. शनिवार-रविवारात पॅक बांधणाऱ्याच्या घरी मी चहासुद्धा घेत नाही. बीएमएसशिवाय, म्हणजे प्रत्येक सेलवर लक्ष ठेवणाऱ्या सर्किटशिवाय, तर विषयच नको.

एप्रिल-मेमध्ये 100 टक्के भरलेली बॅटरी पत्र्याच्या शेडमध्ये ठेवू नका.

दहा युनिटं भरली की हातात साधारण आठ-साडेआठच परत येतात. स्वस्त वेळेत भरून महाग वेळेत वापरायचा बेत असेल तर ही घट धरून हिशेब मांडा.

सोसायटीच्या कॉमन मीटरवर गाडी भरून ती वीज फ्लॅटमध्ये उतरवणारेही भेटलेत. त्यात तांत्रिक चूक काही नाही, त्याचा निकाल वार्षिक सभेत लागतो.