टर्मिनल बंद करा, पण लाइन तुटू देऊ नका

मोडेमवरून फोन लागला, पलीकडे लॉगइन झालं, आता मोडेम लावलेला तोच सिरियल पोर्ट दुसऱ्या प्रोग्रॅमला द्यायचाय. टर्मिनल (मोडेमला कमांड द्यायचा प्रोग्रॅम) बंद करावं तर लाइनच जाते. शेल अकाउंटच्या (दूरच्या कॉम्प्युटरवर फक्त अक्षरी कमांड देता येणाऱ्या खात्याच्या) काळात स्लर्प (त्या खात्यातूनच इंटरनेट जोडून देणारा प्रोग्रॅम) वापरणाऱ्यांना ही अडचण पाठ होती: हातानं डायल करायचं, तिकडे स्लर्प सुरू करायचं, टर्मिनलमधून बाहेर पडायचं आणि इकडे पीपीपी (फोन लाइनवरून इंटरनेट चालवायची पद्धत) चालू करायचं. माझ्याकडे एका लांबच्या डेटालॉगरचं (मोजमापं नोंदवून ठेवणाऱ्या यंत्राचं) काम अजून मोडेमवरच चालतं, त्यामुळे ही रीत रोजच्या वापरातली आहे.

सगळा खेळ डीटीआर (डेटा टर्मिनल रेडी) नावाच्या एका तारेचा; कॉम्प्युटर हजर आहे हे ती मोडेमला सांगते. नऊ पिनांच्या कनेक्टरवर ती ४ नंबरची पिन, पंचवीस पिनांच्या कनेक्टरवर २०. प्रोग्रॅमनं पोर्ट सोडला की ऑपरेटिंग सिस्टिम या तारेवरचा सिग्नल खाली आणते. मोडेम समजतो, कॉम्प्युटर गेला, आणि फोन ठेवून देतो. बाहेरचा मोडेम असेल तर टर्मिनल बंद करताना समोरच्या दिव्यांकडे बघा. आधी टीआर (डीटीआरचा दिवा) विझला आणि पाठोपाठ सीडी (लाइन जोडलेली असल्याचा दिवा), तर दुखणं हेच.

पहिला इलाज मोडेमवर. डायल करण्याआधी एटी&डी० द्या (अक्षरं अर्थात रोमनमध्ये टाइप करायची). म्हणजे डीटीआर पडली तरी मोडेम तिकडे बघत नाही. बहुतेक मोडेम &डी२ वर असतात, त्यात डीटीआर पडली की फोन कट. कायमचं हवं असेल तर मागोमाग एटी&डब्ल्यू. पण टर्मिनलची इनिट स्ट्रिंग (सुरू होताना तो मोडेमला आपोआप पाठवतो त्या कमांड) जरूर तपासा. तिच्यात &एफ असेल तर मोडेम फॅक्टरी सेटिंगवर जातो आणि तुमचं &डी० पुसलं जातं. ते &एफच्या नंतर लिहा: एटी&एफ&डी०. यूएस रोबोटिक्सच्या स्पोर्टस्टरला मागे डिप स्विच आहेत; त्यातला पहिला खाली केला की हेच काम होतं.

दुसरा इलाज लिनक्सवर. फोन लागलेला असतानाच दुसऱ्या खिडकीत एसटीटीवाय -एफ /डेव्ह/टीटीवायएस० -एचयूपीसीएल चालवा. पोर्ट बंद होताना डीटीआर पाडू नकोस, एवढाच त्याचा अर्थ. नंतर एसटीटीवाय -एफ /डेव्ह/टीटीवायएस० -ए नं खात्री करा, एचयूपीसीएलच्या आधी वजाचं चिन्ह दिसलं पाहिजे. मी दोन्ही इलाज करते, कारण पुढचा प्रोग्रॅम पोर्ट उघडताना ही सेटिंग बदलू शकतो, मोडेममधलं &डी० मात्र जागेवर राहतं.

मिनिकॉममधून (लिनक्सवरच्या टर्मिनल प्रोग्रॅममधून) बाहेर पडताना कंट्रोल-ए आणि मग क्यू. एक्स दाबू नका, तो मोडेम रिसेट करतो. परत मिनिकॉममध्ये यायचं असेल तर मिनिकॉम -ओ, म्हणजे चालू कॉलच्या मध्ये इनिट स्ट्रिंग जात नाही. जुन्या विंडोजबरोबर (एक्सपीपर्यंत) येणाऱ्या हायपरटर्मिनलमध्ये मोडेम न निवडता ‘डायरेक्ट टू कॉम१’ निवडा आणि एटी कमांड स्वतः द्या.

पोर्ट कोणाकडेच नसताना पलीकडून जे येईल ते वाया जातं. म्हणून दोन प्रोग्रॅममधलं अंतर कमीत कमी ठेवा. आणि तुम्हाला फक्त खुर्चीवरून उठायचं असेल, पोर्ट दुसऱ्याला द्यायचा नसेल, तर यातलं काहीच करू नका. मिनिकॉम टीमक्समध्ये (खिडकी बंद केली तरी आतले प्रोग्रॅम चालू ठेवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) चालवा आणि डिटॅच करा. पोर्ट उघडाच राहतो, एक अक्षर हरवत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. &डी० केल्यावर फोन ठेवायची जबाबदारी तुमची. कॉम्प्युटर हँग झाला तरी लाइन चालूच राहील आणि बिलही. काम झालं की एक सेकंद काही टाइप करू नका, मग +++ (एंटर नाही), पुन्हा एक सेकंद थांबा. ओके आलं की एटीएच. चुकून इथवर आलात आणि परत जायचं असेल तर एटीओ. स्पोर्टस्टरवर मी एटीएस१९=१० देऊन ठेवते: दहा मिनिटं काहीच डेटा गेला-आला नाही तर मोडेम स्वतःच फोन ठेवतो. दुसऱ्या कंपनीच्या मोडेमवर हे रजिस्टर वेगळं असतं, मॅन्युअल उघडून बघा. आणि उठण्याआधी सीडीचा दिवा विझलाय ना, तेवढं डोळ्यांनी पाहा.