उंची आधी मोजा, फी नंतर भरा

सैन्यभरतीच्या ॲकॅडमीची फी भरण्याआधी पोराची उंची मोजा. पहिलं काम हे, आणि बहुतेक घरांत तेच शेवटी होतं. अग्निवीर जनरल ड्युटीला, म्हणजे साध्या शिपायाच्या भरतीला, महाराष्ट्राच्या पोराला 168 सेंमी लागते. वर्षभर खुराकावर पैसे घालायचे आणि ग्राउंडवर 167 निघाली की गडी परत. मी हवालदार म्हणून रिटायर झालो. आता अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला पहाटे पोरं पळवतो, त्यामुळे असे परत आलेले बरेच बघतो.

शिंप्याचा टेप घेऊ नका, तो वापरून ताणलेला असतो. सुताराकडून स्टीलचा टेप आणि गुण्या, म्हणजे काटकोनी पट्टी, मागून आणा. भिंत खालपर्यंत सपाट पाहिजे. फरशीची पट्टी पुढे आलेली असली तर टाच भिंतीला लागत नाही. पोरगा अनवाणी, नजर समोर. हनुवटी वर करून कोणी उंच होत नाही, उलट माथा मागे झुकतो. गुण्याची एक बाजू भिंतीला, दुसरी केस दाबून डोक्यावर, आणि पेन्सिलीची खूण. एक खूण उठल्या उठल्या, दुसरी रात्री. दोन्हींत सेंटीमीटरभर फरक पडला तर घाबरू नका; दिवसभरात मणक्यांमधल्या चकत्या दबतात. धरायची मात्र रात्रीचीच खूण. भरतीला रात्रभर लायनीत बसवतात, मग 1600 मीटर पळणं, मग बीम म्हणजे पुल-अप्स, आणि सगळ्यात शेवटी मेजरमेंट.

छाती 77, आणि फुगवून 5 सेंमी वाढायला हवी. फुगवण्याचा सराव जोडीदाराकडून टेप धरून घ्या, एकट्याने आरशासमोर नको. मी स्वतः पहिल्या भरतीत छातीच्या मापात बाद झालो. साहेब समोर आले म्हणून आधीच छाती काढून उभा राहिलो, टेपवर आकडा झकास आला, आणि ‘फुगव’ म्हटल्यावर फुगवायला काही शिल्लकच नव्हतं. पहिलं माप देताना खांदे सैल, श्वास सोडलेला.

वजन उंची आणि वयाच्या तक्त्यावर बघतात. काटा दुकानातला चालेल.

कागदांत डोमिसाईल, जातीचा दाखला, चारित्र्याचा दाखला वगैरे सगळे काढतातच. फौजीच्या पोराने रिलेशनशिप सर्टिफिकेट, म्हणजे बापाशी नात्याचा दाखला, बापाच्या रेकॉर्ड ऑफिसकडून आधीच मागवावं, कारण त्यावर उंचीत 2 सेंमी, छातीत 1 सेंमी आणि वजनात 2 किलो सूट मिळते. माझ्या पोराने ती घेतली. तो 166 चा. त्याच्याबरोबर पळणारा, त्याच्याच उंचीचा, गवंड्याचा पोरगा घरी बसला. मला त्या दिवशी पेढे वाटायला जड गेलं, तरी वाटले.

नियम असावेत, पण उंचीचा हा नियम मला कधीच पटला नाही. 1600 मीटर साडेपाच मिनिटांत पळालात तर 60 गुण, त्यापुढे थोडे गेलात तर कमी गुण, पण काहीतरी पदरात पडतं. बीम दहा मारले तर 40, सहाच मारले तरी 16. उंचीला असला हिशेब नाही, एका सेंटीमीटरला पोरगा बाद. आणि सेंटीमीटर तरी सगळीकडे सारखा कुठाय? मिरजेतून म्हैसाळ ओलांडून कागवाडात गेलात की कर्नाटक लागतं, तिथल्या पोराला 166 चालते. गुरख्यांना 157. पहाडातला माणूस बुटका म्हणून मोजमाप प्रांताप्रमाणे ठरवलं, ते ठीकच. पण शीव ओलांडल्याने हाडं बदलत नाहीत. पाणी कृष्णेचं, भाकरी ज्वारीची, दोन्हीकडे तीच. म्हैसाळच्या पोराने कागवाडचा पत्ता लावायच्या भानगडीत पडू नये, डोमिसाईलला अडकतो.

लटकून, दोरीवरच्या उड्या मारून, पावडरी खाऊन उंची वाढवून देतो म्हणणाऱ्याला दारात उभं करू नका. अठरा-एकोणिसाव्या वर्षी रात्रीची खूण सहा महिने हलली नसेल तर अग्निवीर क्लार्कचा विचार करा. तिथे 162 लागते, पण बारावीला एकूण 60 टक्के, आणि प्रत्येक विषयात 50 हवेत, इंग्रजीत व गणितात किंवा हिशेबाच्या विषयात तर हवेतच. गवंड्याच्या पोराला बारावीला 54 होते. त्याने बारावीचा फॉर्म पुन्हा भरलाय, इंग्रजीची शिकवणी माझी सून घेते, आणि पहाटे तो अजूनही पहिला येतो.