अलर्ट फॉरवर्ड करून झाला, आता आजींना वर कोण नेणार?

आमची सोसायटी ठाण्यात, नौपाड्याच्या सखल भागात. दोन वर्षांपूर्वी जुलैत रेड अलर्टचा मेसेज सकाळीच ग्रुपवर आला, सगळ्यांनी हात जोडल्याचे इमोजी टाकले आणि कामाला लागले, आणि संध्याकाळी तळमजल्यावर पाणी शिरलं तेव्हा तिथे राहणाऱ्या आजींना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून अंधारात जिना चढवावा लागला. मेसेज वेळेवरच आला होता हो, पण तो आल्यावर कोणी काय करायचं हेच ठरलेलं नव्हतं. तेव्हापासून आम्ही काय करतो ते सांगते.

आधी अलर्ट नीट वाचा. यलो म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयारीत राहा, रेड म्हणजे हलायला लागा. पण हा रंग अख्ख्या जिल्ह्याला असतो, मुरबाड-शहापूरपासून ऐरोली-बेलापूरपर्यंत एकच, त्यामुळे आपल्या गल्लीत पाणी कधी भरेल ते त्यातून कळत नाही. त्यासाठी दोन गोष्टी बघायच्या. एक, हवामान खात्याचा पुढच्या ३ तासांचा अंदाज. दुसरी, भरतीची वेळ, आणि हीच लोक विसरतात. खाडीला मोठी भरती असली की नाल्याचं पाणी बाहेर जातच नाही, नवी मुंबईत तर तेव्हा होल्डिंग पाँडच्या, म्हणजे पाणी साठवायच्या तळ्यांच्या, झडपा बंद होतात आणि ओहोटी लागेपर्यंत पावसाचं पाणी तळ्यातच साठत राहतं. म्हणून जोराचा पाऊस आणि साडेचार मीटरच्या आसपासची भरती एकत्र येणार असेल तर भरतीच्या दोन तास आधी आमची सगळी कामं झालेली असतात. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, कालची वेळ आज धरू नका.

आता कामं. ऑरेंज आला की त्याच दिवशी औषधं, कागदपत्रं, चार्जर एका पिशवीत. रेड आला की गाड्या वरच्या रस्त्याला, आणि आजी दुपारीच दुसऱ्या मजल्यावर, पाऊस नाही पडला तरी. प्रत्येक कामापुढे एक नाव आणि तो घरी नसेल तर दुसरं नाव. कंपाउंडच्या भिंतीवर लाल रेघ मारलीय, पाणी तिथे टेकलं की तळमजला रिकामा, सेक्रेटरीच्या फोनची वाट बघायची नाही, जो आधी बघेल त्याने शिट्टी वाजवायची. पाण्यात उभं राहून मेन स्विचला हात लावायचा नाही, तो आधीच बंद करायचा.

कळवा-मुंब्र्याला डोंगराच्या कुशीत राहणाऱ्यांनी तर रेघेचीही वाट बघू नका. २०२१ च्या जुलैत कळव्यात घरावर दरड कोसळून पाच जण गेले. जमिनीला नवी भेग, कललेला खांब, अचानक गढूळ झालेलं पाणी, यातलं एक जरी दिसलं तरी उजेड असतानाच नातेवाइकांकडे निघा आणि ११२ ला कळवा.

जूनच्या पहिल्या रविवारी एकदा सगळं करून बघतो. यादी जिन्याजवळ लावलीय आणि वॉचमन काका, कामाच्या मावशी यांना मी स्वतः वाचून दाखवते, कारण ते ग्रुपवर नाहीत आणि दुपारी बिल्डिंगमध्ये तेच असतात.