दोन अणू, एक कॅव्हिटी, एक संध्याकाळ

समोरासमोरच्या आरशांत, म्हणजे कॅव्हिटीत, बसवलेले दोन अणू मिळून कसे उजळतात, हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. माझ्या जुन्या लॅपटॉपवर पायथॉन आणि क्यूटिप (क्वांटम गणितांची पायथॉन लायब्ररी) पुरलं.

अणू आणि कॅव्हिटीची वारंवारता एकच ठेवा. अणू आणि कॅव्हिटीतला प्रकाश यांची जोड 'जी' १, आरशांतून होणारी गळती 'कॅपा' २०. एकटा अणू सुमारे ४जी²/कॅपा, म्हणजे ०.२ या दराने विझतो. आता एकच उत्तेजन दोघांत सारखं वाटा, म्हणजे 'पहिला उत्तेजित' आणि 'दुसरा उत्तेजित' या अवस्था जोडा, मधलं चिन्ह अधिक: दर जवळपास दुप्पट, ०.४. चिन्ह वजा करा, प्रकाश बंद! भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट डिकेने १९५४ मध्ये मांडलेली गंमत ती हीच.

मला आवडतो तिसरा खेळ. फक्त एकच अणू उत्तेजित करा. दोघांच्या उत्तेजनाची बेरीज शून्यावर जाईल असं वाटतं, पण आलेख ०.५ वर येऊन अडतो. सुरुवातीची अवस्थाच अर्धी उजळ (अधिक चिन्हाची), अर्धी अंधारी (वजा चिन्हाची) असते, आणि अंधारा भाग विझतच नाही. (बाजूने निसटणारा प्रकाश धरलात, तर उरलेलंही हळूहळू संपतं.)

एक खोडी सांभाळा. अणूचं उत्तेजन उतरवायला क्यूटिपमध्ये दोन फंक्शन चालतात: 'सिग्माएम'मध्ये उत्तेजित अवस्था बेसिस(२, ०), म्हणजे दोन अवस्थांपैकी पहिली, असते, 'डिस्ट्रॉय'मध्ये बेसिस(२, १), म्हणजे दुसरी. मी दोन्ही मिसळले, अख्खा रविवार गेला. सगळीकडे 'डिस्ट्रॉय'च वापरा.